आठवी गल्ली

आमच्या गावात खाणीजवळच्या गल्ल्यांना नावं नव्हती, आकडे होते. तिसरी गल्ली, सहावी गल्ली, अकरावी गल्ली, असे थेट तेरापर्यंत. इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, डरहॅम परगण्यात, उत्तर समुद्राच्या कड्यावर वसलेलं हे हॉर्डन. १९०० साली तिथे कोळशाची खाण खोदायला घेतली आणि जिथे शेतं होती तिथे दहा-वीस वर्षांत लाल विटांच्या घरांच्या लांबच लांब ओळी उभ्या राहिल्या. समोरचं दार थेट रस्त्यावर, मागे फरसबंद आवार, आवारात कोळशाची कोठी, आणि दोन ओळींच्या पाठीला पाठ लागते तिथे मागची गल्ली. गावाचं सगळं जगणं या मागच्या गल्लीत चालायचं. पुढचं दार उघडायचं ते लग्नाला, मयताला आणि डॉक्टरला. बाबा तिथे डॉक्टर होते, त्यामुळे ते पुढच्या दाराने आत जात आणि मी मागच्या, आणि एकाच गावाची ओळख आम्हा बापलेकांना दोन बाजूंनी झाली.

आम्ही गेलो १९६५ मध्ये. बाबा मूळचे कोल्हापूरचे, पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये शिकलेले. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा १९४८ मध्ये सुरू झाली, पण खाणींच्या गावांत जायला तिथले तरुण डॉक्टर फारसे राजी नसत, आणि म्हणून उत्तरेकडच्या अशा कितीतरी गावांमध्ये आपल्याकडचे डॉक्टर जाऊन राहिले. हॉर्डनचं रेल्वे स्टेशन आदल्याच वर्षी बंद झालं होतं, तेव्हा आम्ही पोहोचलो ते बसने, भर धुक्यात. समुद्रावरून सरकत येणाऱ्या त्या गार, ओलसर धुक्याला तिथे फ्रेट म्हणत. शेकडो धुराड्यांतून निघालेला कोळशाचा धूर त्या फ्रेटमध्ये अडकून राही आणि गंधक, ओली राख, कुणाच्या तरी भट्टीतला पाव आणि समुद्राचं मीठ यांचा मिळून एक वास नाकातून थेट घशात उतरे. आईने पदर नाकाला लावला, आणि पुढची काही वर्षं तरी घराबाहेर पडताना तिचा हात आपसूक पदराकडे जाई.

झोप लागायची ती खाणीच्या भोंग्याच्या आधाराने. खाणीच्या पाळ्या तीन, त्यामुळे गाव कधी पुरतं झोपलेलंच नसे. पहाटे कधीतरी नालांचे बूट दगडी फरसबंदीवर एकाएकी वाजू लागत, आधी एक जोडी, मग चार, मग मोजता न येणाऱ्या, आणि अंधारात बोलणं मात्र कुणाचंच ऐकू यायचं नाही. बूट गेले की मागच्या आवारांतल्या खुराड्यांतली कबुतरं घुमायला लागत. या खुराड्यांना तिथे क्री म्हणत. जमिनीखाली, आणि जमीन संपल्यावर समुद्राच्या तळाखाली काही मैल आत जाऊन आडवे पडून कोळसा तोडणारी ती माणसं वर आली की कबुतरं आकाशात सोडून तासन्‌तास मान वर करून उभी राहत. लहानपणी मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आता वाटतं.

कामगाराला पगाराबरोबर कोळसाही मिळे. लॉरी मागच्या गल्लीत यायची आणि ज्याच्या त्याच्या दारामागे ढीग ओतून जायची. मग तो फावड्याने भिंतीतल्या चौकोनी झडपेतून कोठीत भरायचा. म्हाताऱ्यांचा कोळसा आम्ही पोरं भरून द्यायचो, त्याचे तीन पेन्स मिळत. ओला कोळसा फावड्यावरून घसरताना होणारा आवाज, हाताच्या रेषांत बसणारी ती मऊ, तेलकट काळी भुकटी, आणि मोठा डल्ला फोडल्यावर आतून लकाकणारा तो काचेसारखा काळा पापुद्रा: माझ्या पहिल्या कमाईची हीच आठवण. सोमवारी मात्र कोळसा आला तर अनर्थ व्हायचा, कारण सोमवार धुण्याचा. गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधून चादरी वाळत घातलेल्या असत, आणि लॉरी दिसली की बाया बाह्या सरसावून बाहेर येत. आईच्या पाचवारी साड्या त्याच दोऱ्यांवर वाळायच्या. पहिल्या वर्षी सगळी गल्ली त्यांच्याकडे बघायची. दुसऱ्या वर्षी फ्रेट आला की कोणीही शेजारीण न सांगता त्या काढून, घडी घालून आमच्या आवारात ठेवून जायची, आणि घडीही बरोबर, आईने शिकवलेली.

शेजारी नॅना राहायची. तिथे आजीला नॅना म्हणतात आणि ती सगळ्या गल्लीचीच नॅना होती. तिचा नवरा, आमचा ग्रँडा, पन्नास वर्षं खाणीत काढून घरी बसला होता. नॅनाच्या स्वयंपाकघरात काळी लोखंडी चूल, तिच्या पोटातच भट्टी, आणि चुलीपुढे चिंध्यांचं जाड आसन अंथरलेलं. याला प्रॉगी म्हणत. दर वर्षी पानगळ सुरू झाली की नॅनाच्या घरात लाकडी चौकट उभी राही, तिच्यावर गोणपाट ताणून बसवलं जाई, आणि चौकटीच्या दोन्ही अंगांना गल्लीतल्या बाया बसत. जुने कोट, पँटी, ब्लँकेटं बोटाएवढ्या तुकड्यांत कापून टोपलीत पडलेली. लाकडाच्या अणकुचीदार दाभणाने गोणपाटाला भोक पाडायचं, चिंधीचं एक टोक खुपसायचं, शेजारीच दुसरं भोक, त्यातून दुसरं टोक वर काढायचं, आणि ओढून दोन्ही टोकं सारखी करायची. हजारो वेळा. भोक पडताना गोणपाट हलकेच फाटल्याचा आवाज करी, आणि जुन्या लोकरीला ऊब लागली की तिच्यातून तंबाखूचा, पावसाचा, कुणाच्या तरी अंगाचा वास निघे. कडेला काळी किनार, मध्ये करड्या-तपकिरी रंगांची सरमिसळ, आणि मधोमध लाल शंकरपाळं. ते लालच हवं, असा नॅनाचा नेम होता, आणि लाल कापड मिळणं फार कठीण.

आई पहिल्यांदा त्या चौकटीपाशी बसली तेव्हा तिला इंग्रजी बेताचंच येत होतं आणि नॅनाचं इंग्रजी तर पुस्तकातल्या इंग्रजीच्या वाऱ्यालाही उभं राहत नव्हतं. पण कोल्हापूरला आजीबरोबर गोधड्या घातलेल्या आईला तिथे काय चाललंय हे कुणी समजावण्याची गरज नव्हती. तिने दाभण हातात घेतलं, दोन टोकं सारखी केली आणि कामाला लागली. दुसऱ्या दिवशी तिने ट्रंकेच्या तळातून एक जुनं, विरलेलं कुंकवाच्या रंगाचं लुगडं काढलं. आजीचं. ते कापायला तिचा हात धजावेना, तर नॅनाने कात्री तिच्या हातून घेतली, लुगडं गालाला लावून पाहिलं, आणि पुन्हा कात्री आईच्याच हातात दिली. त्या वर्षीच्या प्रॉगीतलं मधलं शंकरपाळं आजीच्या लुगड्याचं होतं. नवी प्रॉगी नाताळच्या दिवशी चुलीपुढे पडे, आदल्या वर्षीची मागच्या दाराशी जाई, त्याच्या आदली कोळशाच्या कोठीत. आजीचं लुगडं असंच एकेक पायरी उतरत कोठीपर्यंत गेलं, आणि मधल्या सगळ्या वर्षांत मी त्याच्यावर पालथा पडून गृहपाठ केला.

नॅनाचा वार शुक्रवार, पावाचा. भट्टीच्या तळावर भाजलेला चपटा, जाड, चिवट पाव म्हणजे स्टॉटी. त्यात हॅम आणि पीझ पुडिंग. पिवळे वाटाणे फडक्यात बांधून हॅमबरोबर शिजवायचे आणि घोटायचे, की झालं पीझ पुडिंग. आई ते आमच्या घरी हॅमशिवाय करी, वर मोहरी-हिंगाची फोडणी आणि लाल तिखट. ग्रँडाने ते एकदा चाखलं, डोळ्यांतून पाणी काढत संपवलं, आणि नंतर दर आठवड्याला वाडगा घेऊन मागच्या दारात यायला लागला. ग्रँडाच्या हातांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर निळ्या रेघा होत्या. खाणीत खरचटलेल्या जागी कोळशाची भुकटी राहते आणि वरून कातडी धरते. तो निळा रंग जन्मभर जात नाही. त्या रेघांवरून बोट फिरवत मी एकेकीची गोष्ट विचारायचो आणि तो सांगायचा, कुठल्या साली, कुठल्या थरात, दगड कुठून सुटला. १९३० साली हॉर्डनने एका दिवसात ६,७५८ टन कोळसा वर काढून विक्रम केला होता, आणि त्या दिवशी तो खाली होता. हा आकडा तो फार जपून उच्चारी. मग त्याला खोकल्याची उबळ येई, आणि आकड्यापाशी गोष्ट थांबे.

दिवाळी आणि त्यांची बॉनफायर नाइट आगेमागे येत. ५ नोव्हेंबरच्या आधी महिनाभर पोरं लाकडं, मोडक्या खुर्च्या, जुन्या गाद्या गोळा करत, आणि दुसऱ्या गल्लीने ती पळवू नयेत म्हणून पहारे बसत. आमच्या घरी त्याच दिवसांत सोऱ्या निघे. भाजणी करायला तांदूळ होते, डाळीच्या जागी तेच पिवळे वाटाणे. अभ्यंगासाठी खोबरेल बाटलीत दगड होऊन बसलेलं, ते शेगडीपाशी ठेवून पातळ करावं लागे. ऑलिव्ह तेल हवं तर औषधाच्या दुकानात इवल्याशा बाटलीत मिळे, कानात घालायला. आजीने पाठवलेलं उटणं, बाहेर काळोख, खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी, आणि अंगावर वाफाळतं पाणी. संध्याकाळी मागच्या गल्लीत होळी पेटली की आई चकल्यांचं ताट घेऊन बाहेर येई, राखेत भाजलेले बटाटे आमच्या हातात पडत, बोटं पोळत, आणि फुलबाज्यांच्या उजेडात माझ्या मित्रांच्या तोंडातून चकल्यांचा कुरकुरीत आवाज येई. ही कुणाची दिवाळी आणि कुणाची बॉनफायर, याचा हिशेब मी कधीच ठेवला नाही. दिवाळी अंक मात्र यायचे जानेवारीत. आत्या ते बोटीच्या टपालाने पाठवायची. दोरा बांधलेलं, कोपरे दुमडलेलं पुडकं, आत ‘मौज’, ‘किर्लोस्कर’ आणि दमट कागदाचा वास. कोळशाच्या शेगडीपुढे आई मोठ्याने वाचत असे आणि मी तिच्या बोटाखालची अक्षरं बघत बघत मराठी वाचायला शिकलो. आज मी दिवाळी अंकात लिहितो आहे, ते त्या जानेवाऱ्यांमुळे.

पण वर्षाची खरी रात्र ३१ डिसेंबरची. मध्यरात्रीनंतर घराचा उंबरा सर्वांत आधी जो ओलांडेल त्याच्यावर घराचं वर्षभराचं भाग्य, आणि तो काळ्या केसांचा पुरुष असावा, हातात कोळसा असावा, असा उत्तर इंग्लंडचा रिवाज. सोनेरी केसांचा माणूस आधी आला तर अपशकुन. आमच्या आठव्या गल्लीत बाबांइतके काळेभोर केस कुणाचेच नव्हते. पहिल्या वर्षी नॅनाने घाबरत घाबरत विचारलं. बाबा ओव्हरकोट घालून बारापूर्वी बाहेर थंडीत जाऊन उभे राहिले. बारा वाजले, खाणीचा भोंगा वाजला, लांब समुद्रात बोटींनी भोंगे दिले, आणि बाबांनी पुढचं दार ठोठावून, कोळशाचा एक खडा पुढे धरून नॅनाचा उंबरा ओलांडला. कुणी काही बोललं नाही. खडा विस्तवात टाकेपर्यंत बोलायचं नसतं. मग त्यांच्या हातात आल्याची वाइन दिली गेली, जिच्यात दारूचा थेंब नव्हता, आणि सुकामेव्याचा केक. पुढच्या वर्षी गल्लीतली अर्धी घरं वाट बघत होती. त्याच्या पुढच्या वर्षापासून मी बादलीत कोळशाचे खडे घेऊन बाबांच्या मागे चालायला लागलो, दारामागून दार, आल्याने घसा जळत, पोट केकने तुडुंब. काही घरांत बाबा थोडे जास्त थांबत. ज्या घरात कुणी छातीच्या विकाराने खाटेला खिळलेलं असे तिथे ते खडा विस्तवात टाकून त्या माणसाच्या उशाशी बसत, आणि मला कळायचं की आता बोलायचं नाही.

सगळीच दारं पहिल्यापासून उघडली, असं नाही. परक्या हाताने नाडी बघायला आधी काहींनी नकार दिला. २० एप्रिल १९६८ ला इनॉक पॉवेल यांचं परदेशातून आलेल्यांविरुद्धचं ते भाषण झालं. हेच पॉवेल १९६० ते ६३ या काळात आरोग्यमंत्री होते आणि त्या वर्षांतही आपल्याकडचे डॉक्टर तिथे भरती होत होते. बाबांनी वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं आणि दवाखान्यात गेले. त्या आठवड्यात आमच्या मागच्या दारात रोज सकाळी रुबार्बची जुडी ठेवलेली असे, मातीसकट, दवाने भिजलेली, लालचुटुक देठांची. खाणकामगारांच्या भाजीच्या मळ्यांत एप्रिलमध्ये तेच तयार असतं. कोण ठेवतं हे आम्हाला कधी कळलं नाही. आईने त्या देठांची चिंचेऐवजी आमटी केली, आणि तशी आंबटगोड आमटी मी पुन्हा कुठे खाल्लेली नाही.

गावाखालचा किनारा काळा होता. खाणीतला दगड आणि गाळ थेट समुद्रात ओतला जाई, आणि भरतीबरोबर परत येऊन तो मैल न्‌ मैल पसरे. लाटा फुटत त्याही करड्या. ओहोटीला माणसं सायकली घेऊन खाली जात, लाटांनी धुऊन आणलेला कोळसा चाळून पोत्यांत भरत आणि पोतं सायकलीच्या दांडीवर आडवं टाकून चढण चढत. आम्ही तिथेच खेळलो. पांढरी वाळू मी चित्रांतच पाहिली होती. गावाच्या दक्षिणेला मात्र कॅसल ईडन डीनची खोल, हिरवी घळ होती, यू वृक्षांची, ओल्या पाल्याच्या वासाची, आणि तिथे उतरलं की खाण आहे यावर विश्वास बसत नसे.

जुलैत एका शनिवारी सगळं गाव डरहॅमला जाई. खाणकामगारांचा हा मेळा १८७१ पासूनचा. प्रत्येक खाणीच्या संघटनेचा प्रचंड रेशमी झेंडा, त्याच्यापुढे पितळी वाद्यांचा बँड, मागे बायका-मुलं, आणि अरुंद रस्त्यांतून नदीकाठच्या मैदानाकडे जाणारा तो लोंढा. वाटेत रॉयल काउंटी हॉटेलच्या सज्जाखाली प्रत्येक बँड थांबून एक धून वाजवी. ज्या खाणीत त्या वर्षी माणूस दगावला असेल तिच्या झेंड्यावर काळं कापड. तसा झेंडा आला की रस्ता गप्प होई आणि ग्रँडा टोपी काढी. दुपारी काही झेंडे कॅथीड्रलमध्ये नेत, आणि नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या दगडी खांबांमधून ‘ग्रेसफर्ड’ घुमे. १९३४ साली वेल्समधल्या ग्रेसफर्डच्या खाणीत २६६ माणसं गेली, त्यांच्यासाठी टाइन नदीकाठच्या रॉबर्ट सेंट या खाणकामगारानेच रचलेली ही शब्दांविना धून. बाबांनी आजीला पत्रात लिहिलं होतं, इथेही आषाढात दिंड्या निघतात.

मी शिकून पुण्याला आलो, आईबाबा तिथेच राहिले. मार्च १९८४ ते मार्च १९८५ या खाणकामगारांच्या संपाच्या वर्षात गावोगावच्या बायकांनी सामुदायिक स्वयंपाक चालवला, त्यात आईही उभी राहिली आणि मसुराची आमटी करत राहिली. १९८७ मध्ये हॉर्डनची खाण बंद झाली, १९९३ मध्ये डरहॅमच्या कोळसापट्ट्यातली शेवटची. मी हळहळून पत्र लिहिलं. बाबांचं उत्तर आलं, मी बावीस वर्षं या माणसांच्या छात्या ऐकल्या आहेत, खाण बंद झाली याचं मला दुःख नाही. दुःख आहे ते तिच्या जागी त्यांना दुसरं काहीही दिलं नाही याचं. मला अजूनही यात एक शब्द बदलावासा वाटत नाही. ग्रँडाचा श्वास ज्याने ऐकला आहे त्याने त्या अंधाराची आरती ओवाळू नये. पण भोंगा गेला, त्याबरोबर पुढची अनेक वर्षं गल्ल्यांतली घरं रिकामी पडत गेली, खिडक्यांवर पत्रे आले, आणि ज्यांच्या बापजाद्यांनी देशाला ऊब दिली त्यांच्या मुलांना कामासाठी दाही दिशा फिरावं लागलं, हेही तितकंच खरं.

मध्यंतरी मी बीमिशच्या संग्रहालयात गेलो. तिथे खाणकामगारांची जुनी घरं दगड न्‌ दगड हलवून पुन्हा उभी केली आहेत. चुलीत खरा विस्तव असतो आणि चुलीपुढे प्रॉगी. मी वाकून तिच्यावर तळहात टेकला. लोकर कोरडी, खरखरीत, मधलं शंकरपाळं लाल. हॉर्डनच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००२ या काळात मोठं साफसफाईचं काम झालं, उरलेला गाळ दरसाल समुद्र आपणच ओढून नेतो आहे, आणि आता तिथे कड्यावर रानफुलं आहेत, खाली पोरं वाळूत पाय रोवून उभी असतात. ते पाहून मला आनंद झाला, अगदी मनापासून. त्या काळ्या किनाऱ्यावर माझं बालपण गेलं म्हणून तो काळाच राहावा, असं म्हणण्याचा मला अधिकार नाही.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं, नातवंडं आज इंग्लंडमध्ये आहेत. त्यांच्याकडे उन्हाळ्यात गेलात तर लंडनमधले चार दिवस कमी करा आणि उत्तरेला जा. हॉर्डनचं स्टेशन २०२० मध्ये पुन्हा सुरू झालं आहे, न्यूकॅसलहून गाडी थेट तिथे थांबते. डरहॅमचा मेळा आता जुलैच्या दुसऱ्या शनिवारी भरतो. एकही खाण उरलेली नाही, तरी झेंडे निघतात, बँड वाजतात. सकाळी लवकर पोहोचा, रॉयल काउंटीच्या समोरची जागा धरा, आणि काळं कापड लावलेला झेंडा आला तर टोपी काढा.